जैसलमेरला पहिल्यांदा जाताय? मुक्काम किल्ल्याखाली करा

किल्ल्यात राहण्याचा मोह होतो, पण टाळा. 1156 मध्ये रावल जैसलने त्रिकूट टेकडीवर बांधलेल्या या किल्ल्यात आजही वस्ती आहे. वाळवंटात पाणी जपून वापरायचे, हे गृहीत धरून केलेली ही रचना. आता नळ आणि हॉटेलांच्या न्हाणीघरांचे पाणी गळून खालच्या मातीत मुरते, पाया खचतो. काही बुरूज ढासळलेही आहेत. गच्चीवरून किल्ला दिसेल अशी खोली खालच्या गावात घ्या. शिवाय बॅगा ओढत अखै, सूरज, गणेश आणि हवा अशा चार पोल म्हणजे दरवाजांचा चढ चढावा लागत नाही.

किल्ला सकाळी पाहा. जैन मंदिरे इतरांना बहुधा सकाळीच खुली असतात. तिथे चामडे चालत नाही, म्हणून चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवरच ठेवा. गुळगुळीत फरशीवर चप्पल घसरते, बूट घाला. पटवा या व्यापारी घराण्याच्या हवेल्या पाच आहेत, त्यामुळे तिकीट नेमके कोणत्या हवेलीचे ते विचारून घ्या.

सम गावाजवळचे वाळूचे डोंगर साधारण 40 किलोमीटरवर आहेत. सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघा. उंटाचे भाडे बसण्याआधीच ठरवा, वेळेसकट. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ऊन लागले तरी रात्री स्वेटर, कानटोपी हवीच.