ब्रिटिश रहस्यकथांमध्ये चहाबरोबर येणारे सीड केक, स्कोन आणि मफिन घरच्या ओटीजीत नीट कसे करावेत?

तुम्ही लिहिलंय की इंग्लिश खेड्यांतल्या, रक्तपात फारसा न दाखवणाऱ्या रहस्यकथा वाचताना त्यातल्या चहाच्या टेबलावरचं सगळं करून बघावंसं वाटतं. म्हणून नेटवरच्या ब्रिटिश कृती घेऊन तुम्ही सीड केक (शहाजिऱ्याचा केक) आणि स्कोन (बिनयीस्टचे छोटे, जाड पाव) केले, तर केक मध्ये खचला आणि स्कोन चपटे नि कडक झाले. कृती बहुधा बरोबरच असणार. घोळ होतो तो तिकडची मापं आपल्या सामानाला तशीच लावल्यामुळे. म्हणून आधी सामानाचं बघू.

अंडी: ब्रिटिश कृतीत ‘लार्ज’ अंडं म्हणजे टरफलासकट ६३ ते ७३ ग्रॅम. आपल्याकडे बाजारात मिळणारं साधं अंडं ५०-५५ ग्रॅमचं. तीन ‘लार्ज’ म्हणजे आपली साधारण पावणेचार. चार फोडा, हलकं फेटा आणि १७० ग्रॅम मोजून घ्या. उरलेलं स्कोनवर लावायला होतं.

सेल्फ-रेझिंग फ्लोअर: १०० ग्रॅम मैद्याला १ सपाट छोटा चमचा (५ मिली) बेकिंग पावडर. दोन्ही एकत्र तीनदा चाळा. चमचा शीग लावून भरला की केक आधी भराभर फुगतो आणि मग खचतो. तुमच्या केकचं हे एक कारण असू शकतं.

साखर: आपली साखर जाड. तशीच घातली तर ती बटरमध्ये पुरती विरघळत नाही आणि केकवर ठिपके उठतात. पिठीसाखर घातली तर फेसताना हवा कमी धरली जाते, कारण बटरमध्ये हवेच्या खळ्या पाडायला कणच उरत नाहीत. साखर मिक्सरमध्ये पाच-सहा सेकंदच फिरवा, बारीक रव्याइतकी झाली की थांबा.

बटर: टेबल बटर खारं असतं, तेव्हा कृतीतलं मीठ गाळा. घरचं लोणी नको, त्यात पाणी जास्त असतं आणि आंबटपणाही असतो. तूपही नको, स्कोनमध्ये बटरमधल्या पाण्याची वाफ पापुद्रे सोडवते, तुपात ते पाणीच नसतं.

अमेरिकन कृती असेल तर वेगळं गणित. स्वयंपाकाभोवती फिरणाऱ्या तिकडच्या रहस्यकथांत कृती पुस्तकातच छापतात. डायान मॉट डेव्हिडसन १९९० पासून आणि जोआन फ्लूक २००० पासून हेच करत आल्या. तिथे ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम बटर आणि एक कप मैदा म्हणजे साधारण १२५ ग्रॅम. कप दाबून भरला तर तोच मैदा सहज १५० च्या वर जातो. जुन्या ब्रिटिश कथांत मात्र कृती नसतात, नुसती नावं असतात. म्हणून त्या काळात ते पदार्थ कसे करत हे बघून करावं लागतं. माझ्या मते मजा त्यातच आहे.

आता सीड केक. अगाथा ख्रिस्तींच्या १९६५ च्या ‘अ‍ॅट बर्ट्रम्स हॉटेल’ कादंबरीत हा केक आहे आणि तो मुद्दाम आहे. जग बदललं तरी या हॉटेलात खरा, जुन्या पद्धतीचा सीड केक मिळतो, म्हणजे तेव्हाही तो जुन्या काळची खूण झाला होता. मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात याची कृती आहे: एक पौंड मैद्याला पाऊण औंस बी. म्हणजे ४५४ ग्रॅमला २१ ग्रॅम. आजच्या जिभेला हे जरा जास्त होतं, मी निम्म्याच्या थोडं वर थांबेन.

हे बी म्हणजे आपण बिर्याणीत घालतो ते शहाजिरे. घेताना वास घ्या: बडीशेपेकडे झुकणारा, किंचित गोडसर हवा. दाणे खूप बारीक, काळपट आणि वास मातकट-उग्र असेल तर ते काश्मिरी काळे जिरे, ते नको. साधे जिरे तर अजिबात नको, केकला जिरा बिस्किटाची चव येते. शहाजिरे भाजू नका. खलबत्त्यात दोन-तीन ठोके द्या आणि कोमट दुधात वीस मिनिटं ठेवा, म्हणजे दाणे मऊ होतात आणि वास सगळ्या केकभर जातो.

प्रमाण असं: बटर १७५ ग्रॅम, साखर १७५ ग्रॅम, फेटलेलं अंडं १७० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर २ सपाट छोटे चमचे, बदामाची पूड २५ ग्रॅम, शहाजिरे ६ ग्रॅम (साधारण ३ छोटे चमचे), दूध ३ मोठे चमचे, किसलेलं जायफळ दोन चिमटी. ब्रँडी घालत असत, नसली तरी बिघडत नाही. लांबट टिन साधारण २१ बाय ११ सेंटीमीटरचा, बटर पेपर लावलेला.

सगळ्यात जास्त बिघडतं ते फेसताना. ‘बटर रूम टेंपरेचरला आणा’ असं ब्रिटिश माणूस लिहितो तेव्हा त्याची खोली १८-२० अंशांची असते. मुंबईत मे महिन्यात बटर तासभर बाहेर ठेवलं तर ते तेलकट होतं, आणि तेलकट बटर हवा धरत नाही. फ्रिजमधून काढा, लहान तुकडे करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा पण बोट तेलकट होऊ नये. मग साखर घालून हँड मिक्सरने पाच-सहा मिनिटं फेसा, रंग पिवळ्यावरून फिका पांढरट होईपर्यंत. खोली फारच गरम असेल तर भांड्याखाली गार पाण्याची परात ठेवा.

अंडं एकेक मोठा चमचा घाला आणि प्रत्येक वेळी पूर्ण मिसळू द्या. अंडं मात्र फ्रिजमधलं गार नको. गार अंडं पडलं की बटर आखडतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दाणेदार दिसतं. तसं झालं तर मोजलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा घालून फेटा, सावरतं. न सावरता पुढे गेलात तर केक होईल, पण जड आणि तळाशी चिकट. यापुढे मिक्सर बंद. मैदा दोन वेळा घालून कलथ्याने खालून वर उलटत मिसळा, मग बदामाची पूड, मग दुधासकट शहाजिरे. मिश्रण चमच्यातून आपोआप ओघळू नये, झटका दिल्यावर पडावं.

ओटीजी १७० अंशांवर निदान पंधरा मिनिटं तापवा, दोन्ही रॉड चालू. स्वस्त ओव्हन थर्मामीटर घ्याच, कारण बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यात वीस-तीस अंशांचा फरक सर्रास असतो. जास्त तापलेल्या ओटीजीत वरची साय लवकर धरते, मधला भाग कच्चा राहतो आणि बाहेर काढला की खाली बसतो. तुमच्या खचलेल्या केकचं मला सगळ्यात संशयित वाटणारं कारण हेच. टिन खालच्या फळीवर ठेवा. चाळीस मिनिटांपर्यंत दार उघडू नका. मग वरून फार तांबूस दिसला तर फॉइल सैल पांघरा, रॉडला लागू देऊ नका. एकूण ५५ ते ६५ मिनिटं. सुई अगदी मधोमध, तळापर्यंत घालून बघा. वर लांबट चीर पडते, ती पडायलाच हवी.

हा केक ताजा खाऊ नका. पूर्ण गार करून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवला की दुसऱ्या दिवशी शहाजिऱ्याचा वास मुरतो. तुकडे सेंटीमीटरभर जाडीचे. वर क्रीम, आयसिंग काही नाही. हा मुळात कोरडसर केक आहे आणि चहाबरोबर तसाच चांगला लागतो. पावसाळ्यात तीन दिवसांनी फ्रिजमध्ये ठेवा.

स्कोनसाठी: मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच सपाट छोटे चमचे, गार बटर ५० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, गार दूध १३० ते १५० मिली. आपण करंजीला मोहन कडकडीत घालतो, इथे बरोबर उलटं: बटर फ्रिजमधून काढून किसणीवर किसायचं आणि बोटांच्या टोकांनीच मैद्यात चोळायचं, तळहात लावायचा नाही. ब्रेडच्या चुऱ्यासारखं झालं की साखर, मग १३० मिली दूध एकदम ओता आणि सुरीने ढवळून गोळा जमवा. कोरडं वाटलं तरच बाकीचं दूध. गोळा किंचित चिकट हवा. तो गुळगुळीत करायच्या मोहात लोक मळत बसतात, तिथेच स्कोन कडक होतात.

पोळपाटावर मैदा भुरभुरून हातानेच थापा. लाटणं घेतलंत की पातळ होणारच. जाडी अडीच सेंटीमीटर, पट्टीने मोजा. चपट्या स्कोनचं कारण दहातल्या नऊ वेळा इथे सापडतं, बेकिंग पावडरीत नाही. पाच सेंटीमीटरचं साधं, धारेचं कटर मैद्यात बुडवून सरळ खाली दाबा आणि सरळ वर काढा. पिळून काढलं तर कडा दाबल्या जातात आणि स्कोन एका बाजूला कलतो. अंडं किंवा दूध फक्त माथ्यावर लावा. कडेने ओघळलं तर ती कड चिकटून बसते आणि वर चढत नाही. ट्रेमध्ये जवळजवळ ठेवा, एकमेकांच्या आधाराने उभे वाढतात. २२० अंश, १२ ते १५ मिनिटं. खाली ठोकल्यावर पोकळ आवाज आला की झाले. चार तासांत ते शिळे लागायला लागतात, म्हणून जास्त केले तर कापलेले कच्चेच फ्रीझ करा आणि न वितळवता भाजा, तीन-चार मिनिटं जास्त.

वरचं क्लॉटेड क्रीम आपल्याकडच्या पाकिटातल्या २५ टक्के फॅटच्या क्रीमचं होत नाही. त्यासाठी बरंच जास्त फॅटचं क्रीम मंद आचेवर तासन्‌तास ठेवावं लागतं. म्हशीचं दूध मंद तापवून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून काढलेली जाड साय त्याच्या जास्त जवळ जाते. फेटलेलं क्रीम मुळीच नाही. अगाथा ख्रिस्तींचा जन्म १८९० चा, डेव्हनमधल्या टॉर्कीचा. डेव्हनमध्ये आधी क्रीम लावतात मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये उलट. मी डेव्हनच्या बाजूने, साय खाली असली की जॅम घसरत नाही. (मार्मालेड लावायचंच असेल तर स्वतः करा. ख्रिस्तींच्या एका कादंबरीत ते दुसऱ्याच्या भरवशावर खाणं फार महागात पडलंय.)

बर्ट्रम्समधले मफिन म्हणजे कपकेकसारखे गोड मफिन नव्हेत. ते यीस्टचे चपटे पाव, आणि तव्यावर होतात, तेव्हा ओटीजीची भानगडच नाही. मैदा ३०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १ छोटा चमचा, मीठ ५ ग्रॅम, कोमट दूध २०० मिली, बटर १५ ग्रॅम. दहा मिनिटं मळा, दुप्पट होऊ द्या, दोन सेंटीमीटर जाड थापून वाटीने गोल कापा, रव्यावर ठेवून अर्धा तास फुगू द्या. जाड तव्यावर बारीक आचेवर प्रत्येक बाजू ७-८ मिनिटं, पहिल्या बाजूला झाकण. आच वाढवली तर रवा जळतो आणि आत कच्चं राहतं. फाडताना सुरी वापरू नका, काट्याने कडेभोवती टोचून हाताने उघडा. आतला खडबडीत भाग भाजला की बटर नीट धरतो.

ख्रिस्तींच्याच १९५० च्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’मधला चॉकलेट केकही तुम्ही विचारलाय. त्याची कृती कादंबरीत नाही. ब्रिटिश अभिनेत्री आणि केककार जेन अ‍ॅशर यांनी २०१० मध्ये एक बांधली. कथेतली स्वयंपाकीण मध्य युरोपातून आलेली निर्वासित, म्हणून मी टोर्टच्या (तिकडच्या भरगच्च, कमी मैद्याच्या केकच्या) वळणाने जाईन: डार्क चॉकलेट, बटर, साखर प्रत्येकी १५० ग्रॅम, आपली सहा अंडी (पांढरं वेगळं फेटून), बदामाची पूड १०० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, मूठभर बेदाणे. २० सेंटीमीटरचा टिन, १७० अंश, ४५-५० मिनिटं. वरच्या थरासाठी २०० ग्रॅम चॉकलेटला १५० मिली क्रीम. क्रीम उकळू देऊ नका, कडेला बुडबुडे आले की बंद. कंपाउंड चॉकलेट घेऊ नका, त्यातल्या वनस्पती तेलामुळे थर मेणासारखा होतो. युद्धकाळात ब्रिटनमध्ये माणशी आठवड्याला जेमतेम ५७ ग्रॅमच्या आसपास बटर मिळे आणि रेशनिंग पुरतं संपलं ते १९५४ मध्ये, हे लक्षात ठेवलं की त्या घरात एका केकसाठी एवढी कुरबुर का होते ते समजतं.

अंडी चालत नसतील तर स्कोन (माथ्यावर दूध लावून) आणि मफिन करा. सीड केक दह्यावर करता येतो, पण त्याचा पोत वेगळा होतो, मी तो करणार नाही. आणि चहा आलं-वेलचीचा नको, शहाजिऱ्याशी भांडतो. किटलीत कपामागे एक छोटा चमचा आसाम, वर उकळतं पाणी, चार मिनिटं, दूध वेगळं.