साडेतीन लाखांचा साचा आधी की पेटंट आधी?

प्रश्न : गराडू हा कंद सोलताना हाताला खाज सुटते आणि बुळबुळीत काप हातात ठरत नाही. म्हणून मी दातेरी चिमटा आणि त्याच्यावरच सरकणारं पीलरचं पातं, असं एक साधन बनवलंय. भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढून दिला. सांवेर रोडवरचा एक कारखानदार साच्याचे साडेतीन लाख सांगतो आणि म्हणतो, ‘माल आणा, पेटंटचं मागून बघू.’ घरचे म्हणतात, आधी पेटंट. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, घरच्यांचं ऐका, पण अर्धंच. आत्ता फक्त तात्पुरता पेटंट अर्ज करा आणि साचा सगळ्यात शेवटी ठेवा.

अर्ज होईपर्यंत रील नको, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको, मंडळाच्या आनंदमेळ्यात तर मुळीच नको. अर्जाआधी उघड झालेली वस्तू कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. आधी भाच्याला बसवून गूगल पेटंट्सवर आणि पेटंट कार्यालयाच्या मोफत शोधपानावर दोन-तीन संध्याकाळी शोध घ्या. ‘गराडू’ टाकून काही मिळणार नाही. ‘यॅम’, ‘रूट व्हेजिटेबल’, ‘होल्डर’, ‘पीलर’ असे इंग्रजी शब्द टाका. पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) नीट समजून घ्या: माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या आणि दोन्ही आपापलंच काम करत राहिल्या, तर पेटंट मिळत नाही. तुमच्या चिमट्याची पकड पात्याचा कोन धरून ठेवत असेल, तर तेच तुमचं बलस्थान. अर्जात ते आकृतीसह लिहा, कारण जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. मध्य प्रदेश मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो, पण अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्तीला शुल्क १,६०० रुपये. तिथून १२ महिन्यांत पूर्ण अर्ज केला नाही, तर पहिला बाद. आकार वेगळा असेल तर डिझाइन नोंदणीही याच काळात, वस्तू उघड होण्याआधी करा. तिचं संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात, पण ते दिसण्यापुरतंच.

आता नमुना. घरगुती प्रिंटरवर बहुधा पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे गरम पाण्यात धुतलं की चिमट्याचे दात वाकणार. शिवाय थरांच्या रेषांत गराडूचा चीक अडकून वाळतो. म्हणून सिलिकॉनच्या साच्यातून पॉलियुरेथेनचे वीसेक नग ओतून घ्या. एका साच्यातून साधारण तेवढेच चांगले निघतात. ते नात्याबाहेरच्या वीस घरांत, गोपनीयतेच्या कागदावर सही घेऊन द्या. कसं वापरायचं ते सांगू नका, समोर बसून बघा. ओल्या हाताने कुठे अडतं? डावखुऱ्या बाईला जमतं का? वाळलेला चीक दातांतून निघतो का? हे नग पारखण्यापुरते. त्यावर सोललेलं पोटात जाऊ देऊ नका.

पातं ३०४ स्टीलचं करू नका. ते गंजत नाही, पण उष्णतेने कडक होत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. ४२० घ्या; ओलं ठेवलं तर त्यावर डाग पडतात, ती सूचना खोक्यावर छापा.

साच्याकडे जाण्याआधी हिशोब एमआरपीपासून मागे करा. समजा २९९ रुपये. १८ टक्के जीएसटी धरला तर उरतात २५३. दुकानदाराचे ३० टक्के गेले की १७७, वितरकाचे १० टक्के गेले की १५९. खोकं, भाडं, परत आलेला माल यांचे ३० काढा, १२९. साच्याचे साडेतीन लाख रुपये पाच हजार नगांवर वाटले तर नगामागे ७०, उरले ५९. वीस रुपये नफा ठेवायचा, तर प्लास्टिक, पातं, स्प्रिंग आणि जुळणी ३९ रुपयांत बसली पाहिजे. बसत नसेल तर एक भाग कमी करा, पण आकडा गोड करून घेऊ नका. आणि गराडू हिवाळ्यापुरताच. पाच हजार नग खपायचे तर सुरण, अरवी, कोनफळही यात धरलं पाहिजे. म्हणून चिमट्याचा जबडा आत्ताच मोठा करा.

मग साचा. साचा तुमच्या मालकीचा, असं ऑर्डरवर लिहून घ्या आणि साच्यावर नाव कोरून घ्या, नाहीतर पुढे कारखाना बदलताना साचा अडवून धरतात. पोलाद कोणतं, किती नगांची हमी, हे लेखी हवं. शेवटचा हप्ता चाचणीचे नग हातात आल्यावरच. नगाला आतून बळ देणाऱ्या फासळ्या भिंतीच्या जाडीच्या साठ टक्क्यांहून जाड नकोत, बाहेर खड्डे दिसतात. उभ्या बाजूंना एक-दीड अंश उतार नसेल तर नग साच्यात अडकून ओरखडतो. हे आराखडे इंदूरच्याच इंडो-जर्मन टूल रूममध्ये दाखवून घेता आले तर उत्तम.

प्रश्न : घरच्या जिरावण मसाल्याला ‘इंदौरी जिरावण’ हा ट्रेडमार्क मिळेल का? कृतीचं पेटंट?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाव अवघड आहे, त्यात गाव आणि पदार्थ यांपलीकडे काहीच नाही. स्वतः घडवलेला शब्द घ्या. मसाल्यांचा वर्ग ३०, व्यक्तीला ऑनलाइन शुल्क ४,५००, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत ‘टीएम’ लिहा. गोलातला ‘आर’ त्याआधी छापणं गुन्हा आहे. मसाल्यांच्या नुसत्या मिश्रणाला पेटंट मिळत नाही, तेव्हा प्रमाण गुप्त ठेवा: मुख्य चार जिन्नस घरीच मोजून एकत्र करा आणि गिरणीत मिश्रणच पाठवा.