आधी 90 अंश फिरव

तारे जन्माला घालणाऱ्या ढगांतलं चुंबकीय क्षेत्र शिकायला घेतलंस ना, मग एक गोष्ट पक्की कर. धूलिकण स्वतः जे प्रारण सोडतात त्याचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, क्षेत्राला काटकोनात असतं. ही दिशा दाखवणाऱ्या रेघा 90 अंशांनी फिरवल्याशिवाय नकाशावर बोलायचं नाही. मी एकदा विसरलो आणि आठवडाभर भलत्याच दिशेचं क्षेत्र समजावत बसलो! ढगामागच्या ताऱ्यांचा प्रकाश धुळीतून गाळून येतो तेव्हा मात्र ध्रुवीकरण क्षेत्राला समांतर. तिथे फिरवू नकोस.

क्षेत्राची ताकद हवी असेल तर चंद्रशेखर आणि फर्मी यांची 1953ची पद्धत आहे: ढगातल्या वायूच्या गतीचा गोंधळ तेवढाच असेल तर रेघा जितक्या विस्कटलेल्या, तितकं क्षेत्र दुबळं. आकडा बऱ्याचदा फुगतो हं. झीमान परिणाम (क्षेत्रामुळे वर्णपटातल्या रेषा फुटणं) जास्त भरवशाचा, पण सहसा क्षेत्राचा दृष्टिरेषेवरचाच, म्हणजे आपल्या नजरेच्या दिशेतलाच, घटक देतो. आणि ‘क्षेत्रामुळे ढग कोसळत नाही’ असं सरसकट लिहू नकोस. वस्तुमान आणि चुंबकीय फ्लक्स (ढगातून जाणारं एकूण क्षेत्र) यांचं गुणोत्तर आधी काढ; गुरुत्वाकर्षणापुढे क्षेत्र टिकतं का, ते त्यावरून कळतं.