बरं वाटायला लागलं, पण जिद्दच गेली

"मॅडम, झोप चांगली होऊन राहिली. छातीतली धडधडही गेली. पण आता काही मिळवावंसंच वाटत नाही. मी ढिला पडून गेलो का जी?"

मी मानसोपचार करते. उपचार संपत आले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि धास्ती जास्त असते. अशाच एकांची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल ते बदलून सांगते. त्यांना इथे भाऊ म्हणू.

भाऊ ४१ वर्षांचे. घर नागपूरच्या महाल भागात, हिंगण्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवायचा छोटा कारखाना. माझ्याकडे आले ते छातीत दुखतं म्हणून. ईसीजी, टूडी इको, सगळं नॉर्मल निघालं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनीच पाठवलं. रात्री दोनला जाग यायची, कारखान्यात पोरांवर ओरडायचे आणि घरी अबोला.

मूळ हाती लागायला चार-पाच महिने गेले. भाऊ १४ वर्षांचे असताना वाड्याची वाटणी झाली. भांडण पेटलं आणि मोठ्या काकांनी भाऊंच्या बाबांची खाट अंगणात आणून टाकली. मे महिन्याची दुपार. नागपूरचं ते ऊन, आणि बाबा एक शब्द न बोलता वाकून खाटेच्या नवारीची सुटलेली गाठ बांधत राहिले. भाऊ ओसरीच्या खांबाआडून बघत होते. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, काकांपेक्षा एक मजला वर चढवीन.

काकांचं घर दोन मजली. भाऊंचा नकाशा तीन मजली, आणि त्यावर लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी, गल्लीच्या तोंडापासून दिसेल एवढी उंच. महापालिकेची मंजुरी मिळालेली, कर्जही जवळपास पक्कं. म्हणजे २७ वर्षांची जिद्द हाताशी आली होती. त्याच सुमारास एका सत्रात ते स्वतःतल्या त्या चौदा वर्षांच्या पोराला म्हणाले, "बाबांची खाट उचलून आत नेणं तुझं काम नव्हतं रे." आणि खूप वेळ रडले. तीन आठवड्यांनी रबरबँड लावलेली नकाशाची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली. "हे उघडावंसंच वाटत नाही."

अशा वेळी मी आधी एक गोष्ट तपासते, आणि वाचणाऱ्यांनीही तपासावी. मन एकाच ध्येयावरून उडालंय की सगळ्यावरूनच? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, भूक-झोप बिघडली, जगणंच नको वाटतं, तर ते समाधान नव्हे. ते नैराश्य असू शकतं. तिथे डॉक्टरांना गाठायचं, किंवा १४४१६ या टेलीमानसच्या नंबरवर फोन करायचा. ही सरकारी सेवा मोफत आहे. भाऊंचं तसं नव्हतं. ते रविवारी लेकीला फुटाळा तलावावर नेत होते, सकाळी तर्री-पोहे चवीने खात होते. फक्त ती गुंडाळी नको होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. ती इच्छा आणि हट्ट यांत फरक करते. 'घर मोठं असावं' ही इच्छा झाली. 'घर काकांपेक्षा मोठं झालंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' हा हट्ट. हट्टाला फार ताकद असते, हे खोटं नाही. भाऊंचा कारखाना त्याच ताकदीवर उभा राहिला. म्हणून तर जखम भरली की माणूस घाबरतो. इतकी वर्षं गाडी ओढणारा बैलच सोडून दिला, आता गाडी चालणार कशी?

मी त्यांना सगळी ध्येयं कागदावर लिहायला सांगितली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: हे कोणी बघावं म्हणून? कारखाना वाढवणं, यापुढे त्यांनी लिहिलं, "कोणी नाही. पॅनल पहिल्यांदा चालू होतो तेव्हा बरं वाटतं." तिसऱ्या मजल्यापुढे, "काका." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, काकांना दोन वर्षांपासून नीट दिसत नाही. ओट्यावर बसतात अन् पायांच्या आवाजावरून ओळखतात मला. चहा घेतोस का, विचारतात."

त्यावर मी काही बोलले नाही.

सहा आठवडे कोणताच मोठा निर्णय घ्यायचा नाही, एवढं मात्र बजावलं. बरं वाटू लागल्याच्या भरात लोक नोकरी सोडतात, नाती तोडतात, 'आता मला शांतता हवी' म्हणून चालता धंदा आवरतात. मला ते धोक्याचं वाटतं. जुनं ओझं उतरल्यावर काही दिवस रिकामंच वाटतं, आणि त्या रिकामपणात घाईने नवं ध्येय कोंबायचीही गरज नसते. भाऊंना नवीन काही सुचलं नाही. शनिवारी दुपारी आयटीआयच्या दोन पोरांना पॅनलचं वायरिंग शिकवायला लागले, त्यातला एक दुसऱ्या आठवड्यापासून आलाच नाही.

मग एक दिवस वहिनी सोबत आल्या, चांगल्याच तापलेल्या. "यांचं मन बरं झालं, आनंदच आहे. पण वरच्या मजल्याचं भाडं येणार म्हणून मी दहा वर्षं मन मारून राहिली. पोरीची फी कशातून भरायची? यांच्या काकांशी माझं काय घेणं-देणं?"

वहिनींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि माझ्याकडून ते सुटलं होतं. एका माणसाच्या ध्येयावर अख्खं घर आपले हिशेब मांडत असतं. मी भाऊंच्या जखमेकडे इतकी बघत होते की तिसरा मजला आणखी कोणाला हवा असेल, हे विचारलंच नाही. पुढची तीन सत्रं दोघं मिळून आले. नकाशा माझ्या टेबलावर प्रथमच उलगडला, चार कोपऱ्यांवर पाण्याचे ग्लास ठेवून. काकांचं नाव एकदाही निघालं नाही. बोलणं चाललं ते हप्ता किती झेपेल, भाडेकरूंचा जिना बाहेरून काढता येईल का, यावर. बाबांना आता जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर त्यांची खोली ठरली. बिनउंबऱ्याची, खिडकीला कूलर बसेल अशी.

तिसरा मजला होतोय. पूर्ण नाही, भाड्याच्या दोन खोल्यांपुरता.

परवा भाऊ सहज भेटून गेले. इंजिनिअरने विचारलं म्हणे, टाकीचं स्टँड नकाशात आहे तेवढंच उंच ठेवायचं का? भाऊ म्हणाले, "वरच्या खोल्यांत नळाला धार नीट आली पाहिजे. तेवढं ठेवा."