विमा पोराचा, कमाई बापाची

दापोली तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. थोडक्यात ते असं. यजमान ४६ वर्षांचे, स्वतःचा टेम्पो, डिझेल-दुरुस्ती जाऊन महिन्याला बावीसेक हजार सुटतात. ताई आमसुलं आणि फणसपोळी करून विकतात, त्याचे हंगामात चाळीस हजार. मुलगी नववीत. मुलगा १९ वर्षांचा, यंदा आयटीआयमधून फिटर झाला. त्याला मुंबईच्या एका सरकारी कारखान्यात वर्षभराच्या अप्रेंटिसशिपचं पत्र आलंय, महिना आठ हजार स्टायपेंड. दीर म्हणतात, ते सोड, एका संस्थेत साडेतीन लाख भर, सहा महिन्यांचा कोर्स आणि जहाजावर नोकरीची हमी. सासरे १९६७ साली परळच्या गिरणीत लागले, चार वर्षं बदली, मग पर्मनंट, संपानंतर गावी. आयटीआय करूनही वर्षभर आठ हजारांवर राबायचं, ही त्यांना नातवाची थट्टा वाटते. पतसंस्थेत १,८०,००० ची ठेव आहे. ती मोडून, उरलेल्याचं कर्ज काढून साडेतीन लाख भरावेत का?

आणि मग 'ता. क.' म्हणून दोन ओळी. "मुलाच्या शिक्षणाची पॉलिसी आहे, गेल्या दोन हप्त्यांसाठी त्याच पतसंस्थेत दागिने ठेवलेत, ते सोडवायचे आहेत. पुढचा हप्ता शिमग्याच्या सुमारास येतो, तोवर मुलाचं स्टायपेंड साठेल, त्यातून भरू." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

ताई, तुमचा प्रश्न पाच मिनिटांत निकालात निघतो. ता. क. ला मात्र वेळ लागेल.

आधी प्रश्न. पोराला अप्रेंटिसशिपला पाठवा, साडेतीन लाख भरू नका. जहाजावरच्या नोकरीला मी नावं ठेवत नाही, आपल्याकडे त्या पगारावर घरंच्या घरं उभी राहिली आहेत. पण तिथे जायची वाट ठरलेली आहे: डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेतला कोर्स, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, आणि मग आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना असलेली कंपनी. आणि परवाना असलेल्या कंपनीलासुद्धा नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. मग ही 'हमी' नेमकं कोण विकतंय? दिरांना संस्थेचा मान्यता क्रमांक विचारायला सांगा, डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर यादी आहे, ताडून बघा. आणि नोकरीची हमी पावतीवर लिहून मागा. माझा अंदाज, पावतीवर 'ट्रेनिंग फी' एवढंच येईल.

अप्रेंटिसशिपबद्दलही गोड बोलणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात हा मुलगा शिकाऊ आहे, कामगार नाही. पीएफ नाही, आणि वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं कारखान्यावर बंधन नाही. मिळतं ते वर्षभर मोठ्या यंत्रांवर हात बसणं आणि शेवटच्या परीक्षेनंतरचं राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. पुढच्या प्रत्येक जाहिरातीत ते उपयोगी पडतं. एक गोष्ट तपासा. रेल्वेचा अर्ज भरला होता का? तिथे दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर निवड होते, आणि रेल्वेच्याच कारखान्यात उमेदवारी पूर्ण केलेल्यांना लेव्हल वनच्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. भरला असेल आणि यादी लागायची असेल, तर रुजू होण्याआधी थांबून विचार करा. ही उमेदवारी एकदाच करता येते.

आता सासऱ्यांचं. त्यांच्या रागात एक गोष्ट विसरली गेलीय. बदली म्हणजे काय होतं? रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत, नसेल तर परत. आत गेलं नाही की त्या दिवसाचे पैसे नाहीत. चार वर्षं असं काढणाऱ्या माणसाला महिना ठरलेलं स्टायपेंड थट्टा वाटावं, याची मला गंमत वाटते. आणि 'पर्मनंट' झाले १९७१ ला, संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. म्हणजे ती कायमची नोकरी अकरा वर्षांची.

पण त्यांचं एक खरं आहे. त्यांना मुंबईत जायला पैसे लागले नाहीत. माझे काका लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपायचे, भिंतीवर ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. भाडं नावापुरतं. नवीन पोरगा आला की पहिले काही महिने त्याच्याकडे कोणी काही मागत नसे. जेवण खाणावळीत, तेही उधारीवर, पगार झाला की बिल. त्या खाणावळवाल्या बायका स्वतः सावकाराच्या व्याजाने पैसे उचलून किराणा भरायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा कुठे त्यांना बँकेची दारं उघडली. काम शिकवायचा तो शेजारच्या साच्यावरचा (मागावरचा) मामा नाहीतर वाडीतला कोणी. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या उमेदवारीलाही पैसा लागलाच होता, फक्त तो गावाने आणि त्या बायकांनी घातला होता.

तुमच्या मुलासाठी तो तुम्हाला घालायचाय. किती? नालासोपारा नाहीतर दिव्याकडे कॉट बेसिसवर साडेचार हजार धरा, डबा चार हजार, पास, मोबाइल, साबण-चहा मिळून तीन हजार. साडेअकरा हजार. स्टायपेंड आठ. महिन्याला साडेतीन हजार कमी, वर्षाचे ४२,०००. सुरुवातीचं डिपॉझिट, बूट, गाद्या-भांडी, गणपती-शिमग्याचं येणं-जाणं याचे अठरा. साठ हजार म्हणू. साडेतीन लाख नव्हे, साठ हजार.

तुमच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता किती? साठ हजार.

आता तो फोटो बघू. पॉलिसी चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा मुलगा १५ वर्षांचा. मुदत २० वर्षं, हप्ते १५. 'शिक्षणाची' पॉलिसी आहे ना? तिचे पैसे येतील तेव्हा तो ३५ वर्षांचा असेल. कुठल्या इयत्तेत असेल तो तेव्हा? एजंटाने सतरा लाखांचा आकडा पेन्सिलने लिहून दिलाय. पंधरा हप्त्यांचे नऊ लाख भरून विसाव्या वर्षी सतरा, म्हणजे साधारण पाच टक्के. तोही बोनस धरून, तेव्हा त्यात हमी किती आणि आशा किती ते तुम्हीच ठरवा.

या पाच टक्क्यांसाठी तुम्ही दोन हप्ते सोनं ठेवून भरलेत. १,२०,००० चं कर्ज, तुम्ही लिहिलेला दर १२ टक्के, महिन्याला बाराशे व्याज. बारा टक्क्यांनी घेऊन पाच टक्क्यांवर ठेवायचे. वर त्याच पतसंस्थेत तुमची ठेव नऊ टक्क्यांवर. म्हणजे तुमचेच पैसे पतसंस्था तुम्हाला तीन टक्के चढवून परत देतेय आणि तारण म्हणून तुमच्याच बांगड्या ठेवून घेतेय. पतसंस्थेवर माझा आकस नाही, धंदा आहे त्यांचा. मात्र हेही माहीत असू द्या, की बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं.

स्टायपेंडमधून हप्ता भरण्याचं म्हणाल तर शिमग्यापर्यंत त्याचे सहा महिने भरतील. अठ्ठेचाळीस हजार. पोरगा मुंबईत सहा महिने जेवला नाही, झोपला नाही, लोकलने फिरला नाही, तरी हप्त्याला बारा हजार कमीच पडतात.

पण हेही सगळं मी एकवेळ समजून घेतलं असतं. फोटोतली चौथी ओळ वाचून मात्र खुर्ची मागे सरकवली. विमाधारक: मुलगा. आठ लाखांचा विमा त्या पोराच्या जिवावर उतरवलाय, जो तेव्हा दहावीत होता आणि ज्याची कमाई शून्य होती. यजमान रोज घाटातून टेम्पो घेऊन जातात, घर त्यांच्यावर चालतं, आणि त्यांचा विमा? पत्रात एकही नाही. उद्या नको ते झालं तर या पॉलिसीतून तुम्हाला मृत्यूचा रुपया मिळणार नाही, उलट हप्ता भरत बसावं लागेल. त्यांच्या पश्चात हप्ते माफ होण्याचं कलम वेगळं घेतलेलं असेल तरच ते सुटतील, पण पहिल्या पानावर तरी मला ते दिसत नाही. हे ज्याने विकलं त्याला विमा कशाला म्हणतात हे ठाऊक नसावं, किंवा चांगलंच ठाऊक असावं.

तेव्हा असं करा. या आठवड्यात ठेव मोडा, मुदतीआधीचं थोडं व्याज कापतील, कापू द्या. १,२०,००० भरून दागिने घरी आणा. उरलेले साठ हजार म्हणजे पोराचं वर्ष. ते बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला महिन्याचं महिन्याला पाठवा, एकदम हातात देऊ नका, १९ वर्षांचा आहे.

पाचवा हप्ता भरू नका. विमा कंपनीच्या शाखेत जाऊन दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. एजंटामार्फत नको, स्वतः जा. चार हप्ते भरले असल्याने भरलेल्याच्या निम्मे, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास तरी हातात यायला हवेत. पेड-अप ठेवली तर माझ्या ढोबळ हिशेबाने सोळा वर्षांनी साडेतीन लाखांच्या आतबाहेर. तेच सव्वा लाख पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी सोळा वर्षं राहिले तरी आकडा जवळपास तेवढाच येतो. बरोबरीच असेल तर मी पैसे हातात घेईन, कारण तुमच्या घरात ऐनवेळी काढायला आता काहीच उरलेलं नाही. हो, सव्वा लाख बुडाले. ते आजही बुडालेलेच आहेत, फक्त पुढचे अकरा हप्ते त्यांच्या मागे घालायचे नाहीत.

आलेल्या पैशांतून पहिली गोष्ट यजमानांचा मुदत विमा, शुद्ध टर्म, परतावा-बिरतावा काही नको. तंबाखू नसेल तर ६० व्या वर्षापर्यंत २५ लाखांचा वर्षाला पंधरा हजारांच्या आत बसावा. टेम्पोवाल्यांकडे उत्पन्नाचा कागद नसतो म्हणून कंपन्या खळखळ करतात, तेव्हा यंदाचं आयकर रिटर्न भरून टाका. ते होईपर्यंत बँकेत जाऊन प्रधानमंत्री जीवन ज्योती या सरकारी आयुर्विम्याचे ४३६ आणि सुरक्षा या अपघात विम्याचे २० रुपये कापायला सांगा. ज्योतीत पन्नाशीच्या आत शिरावं लागतं, चार वर्षं हातात आहेत म्हणून चार वर्षं लावू नका. बाकीचे पोस्टात नाहीतर बँकेत.

मुंबईची व्यवस्था जमलीच नाही तर खेडजवळची लोटे-परशुरामची एमआयडीसी आहेच. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घ्यावेच लागतात. खेडला कोणी नातेवाईक असेल तर साठ हजारांतले चाळीस वाचतील. पण सरकारी कारखान्याचं पत्र हातात असताना मी मुंबईच धरेन.

शिमग्याला पालखी दारात येईल, त्याच्या आगेमागे एजंटही येईल. वाडीतलाच आहे, चहा द्या. 'आता बंद केली तर नुकसान होईल' म्हणेल, त्याच्याशी वाद घालू नका. पॉलिसीचं पहिलं पान पुढे करा आणि चौथी ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा.