घरच्या साध्या मशीनवर चेनची कमरेची पाऊच शिवता येईल का? पिशव्या आणि उशीचे अभ्रे शिवता येतात, पण चेन लावताना टीप वाकडी जाते आणि जाड जागी सुई तुटते.

येते की. अभ्रा शिवणाऱ्याला यात नवीन असं फारसं काही नाही. बहुतेकांची पाऊच बिघडते ती क्रमामुळे. आधी पिशवीचा आकार देतात आणि मग त्यात चेन बसवायला जातात. चेन सगळ्यात आधी लावायची, कापड मशीनवर सपाट पसरलेलं असताना.

कापड जाड पण एकेरी घ्या. कॅनव्हास किंवा जुन्या जीन्सचा पाय उत्तम. जीन्स घेतलीत तर तिची मूळची जाड शिवण आपल्या टिपेखाली येणार नाही अशी बेता. पाणी न झिरपणारं नायलॉन पहिल्या खेपेला नकोच, त्यात टाचणीचं भोकसुद्धा कायमचं राहतं. अस्तरही पहिल्या पाऊचला लावू नका. सुई 16 नंबरची, दोरा पॉलिस्टरचा, टाका 3 मिमीच्या आसपास.

चेन नायलॉनची, 5 नंबरची घ्या. हा नंबर म्हणजे साधारणपणे बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी. 3 नंबरची पाऊचला नाजूक पडते. ड्रेसला लावतात ती लपणारी चेन तर अजिबात नको, भरलेल्या पाऊचचा ताण तिला झेपत नाही. नायलॉनच्या दातांवरून सुई आरामात जाते, त्यामुळे लांब चेन हवी तिथे कापता येते. धातूच्या दातांवर मात्र सुई गेली की तुटलीच.

पुढच्या बाजूसाठी दोन तुकडे कापा: वरचा 30 बाय 6 सेमी, खालचा 30 बाय 12 सेमी. मागचा तुकडा आत्ता नेमक्या मापाला कापू नका, 30 बाय 20 चा ठेवा. चेन लावून पुढची बाजू तयार झाली की ती साधारण 18 सेमी उंच भरते. ती मागच्या तुकड्यावर ठेवून जादा कापड छाटलं की दोन्ही बाजू हमखास जुळतात. कागदावर गणित करत बसण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं.

चेन 26 सेमीची ठेवा आणि दोन्ही टोकांना त्याच कापडाचा छोटा तुकडा जोडून ती 30 सेमीची करा. हे कंटाळवाणं काम बरेच जण टाळतात. पण या तुकड्यांमुळे चेनचे दात बाजूच्या शिवणीत येत नाहीत. तुमची सुई तुटते त्याचं एक कारण बहुधा तिथेच आहे.

आता टीप वाकडी का जाते ते. मशीनचे सुईखालचे दात खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे राहतो, आणि आपण घाबरून मागून कापड खेचतो. मग चेन लाटांसारखी फुगते. टाचण्यांनी हे थांबत नाही. खालच्या तुकड्याच्या सुलट बाजूवर चेन पालथी ठेवा, काठाला काठ जुळवा आणि हाताने धावदोरा घालून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. मग झिपर फूट (चेनच्या दातांलगत शिवू देणारा, कापड दाबणारा अरुंद पाय) लावून काठापासून 8 मिमीवर टीप मारा, हात फक्त दिशा द्यायला.

रनर (चेन उघडबंद करणारी सरकती कडी) फुटाजवळ आला की टीप त्याच्या बाजूने वळवू नका. थांबा, सुई कापडात खाली रुतवा, फूट उचला, रनर हळूच फुटाच्या मागे सरकवा, फूट टेकवा आणि पुढे चला. सुई कापडात असल्यामुळे रेघ जराही हलत नाही. नंतर कापड उलटून घडीपासून 3 मिमीवर वरून दुसरी टीप मारा. ही शोभेची नाही. तिच्यामुळे कापड रनरमध्ये अडकत नाही. दुसऱ्या बाजूला वरचा तुकडा असाच जोडायचा.

मागचा भाग छाटून झाला की दोन्ही भागांच्या खालच्या कोपऱ्यांतून 2.5 सेमीचे चौकोन कापून टाका. याने पाऊचला 5 सेमी जाडीचा तळ मिळतो.

पट्टा 25 मिमीचा, बकलही त्याच मापाचं. लांबीसाठी कंबर अधिक 30 सेमी पुरतात. खांद्यावरून आडवी घालायची असेल तर अंगावरच फीत धरून मोजा. त्यातला 10 सेमीचा तुकडा एका बाजूला, बाकीचा दुसऱ्या बाजूला. पट्टा सिंथेटिक असेल तर कापलेलं टोक मेणबत्तीवर जरासं वितळवा, नाहीतर धागे सुटतात. सुती असेल तर दुमडून शिवा. मागच्या भागाच्या सुलट बाजूवर, वरच्या काठापासून 1.5 सेमी सोडून पट्ट्याची टोकं ठेवा, बाहेर 2 सेमी काढून, आणि कच्ची टीप मारा. असं केलं की पट्टा चेनच्या टोकापेक्षा वर राहतो आणि जाड गोष्टी एकावर एक येत नाहीत. लांब पट्टा गुंडाळून रबर लावून मधे ठेवा, नाहीतर तोही शिवणीत सापडतो.

पुढचा भाग सुलट बाजू आत करून मागच्यावर ठेवायचा. त्याआधी चेन अर्धी उघडा. बंद राहिली तर पाऊच सुलट करायला वाटच उरत नाही आणि सगळं उसवावं लागतं. चारी बाजूंनी 1 सेमीवर टीप घाला, कापलेले कोपरे तेवढे सोडून. मग प्रत्येक कोपऱ्यात बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर आणून चपटं करा आणि तिथे आडवी टीप मारा. पट्ट्यावरून तीनदा जा. तिथे मोटर किंवा पायडल नको, हाताने चाक फिरवत एकेक टाका घ्या. जाड जागेवर चढताना फूट तिरका होतो आणि सुई वाकते, म्हणून फुटाच्या मागच्या टोकाखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवून तो सपाट करा. निम्म्या सुया यानेच वाचतील.

मशीनला झिगझॅग टाका नसेल तर आतल्या कडांना बायस पट्टी (तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी) लावा, कारण जीन्स फार सुटते. चेनमधून सुलट करा आणि कोपरे बोथट पेन्सिलीने बाहेर काढा, कात्रीच्या टोकाने नको. शेवटी आखूड तुकड्यावर बकलचा एक भाग शिवून टाका, लांब पट्टा दुसऱ्या भागातून ओवा आणि त्याचं मोकळं टोक दोनदा दुमडून शिवा. ती जाड घडी बकलमधून निसटत नाही.