पहिली शॉर्टफिल्म थिएटरात दाखवायचीय? आधी आवाज सांभाळा

ओटीटीच्या जमान्यात थिएटरसाठी फिल्म कशाला, असं कोणी म्हणेल, म्हणू द्या. सुरुवातीला एवढंच बघा.

आवाज सगळ्यात आधी. मोबाइलवर न जाणवणारी पंख्याची घरघर हॉलमध्ये संवाद खाऊन टाकते. पंखा, फ्रिज बंद. माइक तोंडापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या जरा बाहेर. प्रत्येक लोकेशनवर सगळ्यांना गप्प बसवून 30 सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटमध्ये संवादांमधल्या फटी तिनेच बुजतात. नवखे नेमकं हेच विसरतात.

- फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) पहिल्या शॉटपासून 24, शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्याशी 1/50 जुळतं, म्हणून फिल्ममध्ये ट्यूबलाइट लुकलुकत नाही. 30 वर शूट करून शेवटी 24 केलं, की पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवलेला शॉट, झटके खातो.
- फोकस झूम करून तपासा. छोट्या स्क्रीनवर सगळंच शार्प दिसतं.

डीसीपी, म्हणजे प्रोजेक्टरची फाइल, नुसती देऊन मोकळे होऊ नका. शोच्याच हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून पूर्ण बघा. थिएटरात जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं, यूट्यूबला नाही. तारीख ठरवण्याआधी अर्ज करा.

लेन्स, कलर ग्रेडिंग वगैरे दुसऱ्या फिल्मला.